रक्त पातळ करणारी गोळी बदलायची का? वाचकांचे प्रश्न

आईचं वय ७८. ठोके अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन) म्हणून अपिक्साबॅन चालू आहे. नाकातून दोनदा रक्त आलं. सगळे म्हणतात, ती बंद करून साधी अ‍ॅस्पिरिन द्या. देऊ का? (यावल)

नका देऊ. अ‍ॅस्पिरिन 'साधी' वाटते ती जुनी आणि स्वस्त आहे म्हणून. या आजारात हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, आणि त्या गुठळीपुढे अ‍ॅस्पिरिनचं फारसं चालत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) ज्यांना देता येत नाही अशा साडेपाच हजारांवर रुग्णांत या दोन गोळ्यांची थेट तुलना झाली. निकाल २०११ मध्ये आला. लकवा किंवा इतरत्र गुठळी अडकण्याचं वर्षाचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनवर ३.७ टक्के, अपिक्साबॅनवर १.६. मोठा रक्तस्राव १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच. ज्या भीतीपोटी गोळी बदलायची, ती भीती तिथेही आहेच.

आधी आईंचं बीपी मोजा. गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक (वेदनाशामक गोळी) चालू आहे का? कित्येकदा खरा चोर तिथेच सापडतो. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या. वय, वजन आणि किडनी पाहूनच अपिक्साबॅनचा डोस ठरतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, डोक्याला मार लागला किंवा रक्त थांबेना, तर थेट दवाखाना गाठा. एरवी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नका.

मलाही तोच ठोक्यांचा आजार. स्टेंटला दोन वर्षं झाली. रिव्हरॉक्साबॅन (हीसुद्धा रक्त पातळ करणारी) आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही घेतो. अंगावर काळे-निळे डाग पडतात. (पाचोरा)

तुमची एक गोळी कमी होऊ शकेल, पण ती बहुधा अ‍ॅस्पिरिन! स्टेंटला वर्ष उलटलं आणि नवा त्रास नसेल, तर बहुतेकांना एकटी रिव्हरॉक्साबॅन पुरते. हृदयरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत हे मुद्दाम विचारा.

धातूची झडप आहे, रक्त पातळ करणारी असेनोकुमारोल घेते. हिवाळ्यात आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) घसरतो. कटकटीपेक्षा अ‍ॅस्पिरिन बरी नाही का? (चोपडा)

अजिबात नाही. झडपेवर गुठळी बसली तर जिवावर बेतेल. एकट्या अ‍ॅस्पिरिनने भागत नाही आणि अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्याही धातूच्या झडपेला चालत नाहीत. घसरणीचं कारण ताटात शोधा. हिवाळ्यातल्या भरताचं वांगं निर्दोष आहे. त्यात मूठ-मूठ पडणारी कांद्याची पात आणि सोबतची मेथी यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्याने गोळीचा जोर उतरतो. भरीत सोडू नका, फक्त हिरवा पाला आठवडाभर साधारण सारखा ठेवा. शेतावरच्या भरीत पार्टीचा हंगाम सुरू झाला की आयएनआर थोडा लवकर तपासा.