स्वारी, मोहीम की आक्रमण? हॅनिबलच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ.स.पू. २१८ मध्ये स्पेनहून रोमविरुद्ध निघाला, त्याला 'रोमवरची स्वारी' म्हणावं, 'मोहीम' म्हणावं की 'आक्रमण'? मराठी मजकुरात तिन्ही शब्द सापडतात.

सबंध उद्योगाला 'मोहीम' हाच शब्द योग्य. बाकीचे शब्द तिच्यातल्या एकेका हालचालीला लागतात. ते सरसकट वापरले, तर वाचकाच्या मनात न घडलेला इतिहास उभा राहतो.

'स्वारी' फारसी 'सवार'वरून आली, घोडेस्वारातला तोच. मराठीत ती एका ठिकाणावर होते आणि तिला 'वर' लागतो: सुरतेवर स्वारी. त्यामुळे 'रोमवर स्वारी' म्हटलं की फौज रोमच्या तटाला जाऊन भिडल्यासारखं वाटतं. तसं झालं नाही. २ ऑगस्ट २१६ ला दक्षिण इटलीतल्या कॅनी इथे रोमन फौजेची कत्तल उडवूनही हॅनिबल रोमकडे वळला नाही. तो रोमजवळ गेला २११ मध्ये. तेव्हा रोमनांनी हॅनिबलला मिळालेल्या कॅपुआ शहराला वेढा घातला होता. रोम धोक्यात दिसलं की हे सैन्य वेढा उठवून राजधानीकडे धावेल, असा त्याचा हिशेब होता. अनिओ नदीकाठी त्याने तळ दिला. पण वेढा उठला नाही आणि त्याच वर्षी कॅपुआ पडलं. या हालचालीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: हूल. 'हॅनिबलने रोमवर चालून जाण्याची हूल दिली' असं लिहिलं की हेतू आणि कृती दोन्ही एका वाक्यात येतात. इतका नेटका शब्द हाताशी असताना तो सोडू नये.

आता 'मोहीम'. मूळ अरबी 'मुहिम्म', म्हणजे महत्त्वाचं, काळजी लागून राहावी असं काम. 'हिम्मत' त्याच धातूतली. फारसीतून मराठीत येईपर्यंत तिला लष्करी अर्थ पक्का चिकटला, पण मोठ्या कामाचा मूळ भाव गेला नाही. म्हणून मोहीम आखतात, काढतात, तिच्यावर निघतात, ती फत्ते होते किंवा फसते. हॅनिबलच्या बाबतीत हे सगळं लागू पडतं. निघण्याआधीच्या हिवाळ्यात त्याने स्पेनमधल्या शिपायांना घरी जायला रजा दिली, आफ्रिकेच्या रक्षणाला स्पेनची माणसं आणि स्पेनला आफ्रिकेची पाठवली, आल्प्सपलीकडच्या गॉल टोळ्यांकडे दूत धाडले. ही तयारी 'स्वारी'त बसत नाही, 'मोहिमे'त बसते.

वाटेतली गळतीही तशीच. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे ऱ्होन नदी सोडताना ३८,००० पायदळ आणि ८,००० वर घोडदळ होतं. इटलीत उतरलं २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ. हा शेवटचा आकडा त्याने दक्षिण इटलीतल्या लॅसिनियम इथे हॅनिबलनेच कोरवून ठेवलेल्या लेखातून घेतला. आल्प्स उतरताना गेल्या वर्षीच्या घट्ट बर्फावर नवा भुसभुशीत बर्फ पडला होता. वरच्या थरातून पाय आत जायचा आणि खालच्या थरावरून घसरायचा. एके ठिकाणी दरड कोसळून वाट तुटली होती. घोड्यांपुरती वाट एका दिवसात झाली, हत्तींसाठी तीन दिवस लागले.

'आक्रमण' हा शब्द आ + क्रम् यातून आला, म्हणजे पाऊल टाकत पुढे येणं. 'पादाक्रांत' त्याचाच भाऊ. म्हणून त्यात दुसऱ्याची भूमी पायाखाली घालण्याचा रंग आहे. 'इटलीवर आक्रमण' हे रोमनांच्या बाजूने बोलताना चालेल. पण हॅनिबलने मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्याशी २१५ मध्ये केलेल्या तहात, युद्ध संपल्यावरही रोम हे राज्य म्हणून उरेल असं गृहीत धरलं आहे. रोमचे इटलीतले मित्र फोडून त्याला दुबळं करावं, हा डाव होता. 'आक्रमण' तो डाव झाकून टाकतं.

'अभियान' मुळात लष्करीच, पण आज तो कानावर पडला की सरकारी फलक आठवतो. इथे टाळावा.

याच विषयात आणखी एक चूक फार दिसते: 'कॅनीचे युद्ध'. कॅनीची झाली ती लढाई, एका दिवसाची. युद्ध म्हणजे रोम आणि कार्थेज यांच्यातलं २१८ ते २०१ चं दुसरं प्युनिक युद्ध. मोहीम या दोहोंच्या मधली: एका युद्धात अनेक मोहिमा, एका मोहिमेत अनेक लढाया.

लिहिताना ऱ्हस्वदीर्घ सांभाळावं. 'मोहीम' मध्ये ही दीर्घ. पण 'मोहिमेवर', 'मोहिमा', 'मोहिमेचा' मध्ये हि ऱ्हस्व. आणि मोहीम 'वर' नाही, 'विरुद्ध' घेते: 'हॅनिबलची रोमविरुद्धची मोहीम'. ठिकाण सांगायचं तर 'इटलीतली मोहीम'.