देवाचा राग येतो, प्रार्थना सुचत नाही

प्रिय ताई,

यंत्रमागावर काम करणारे पती डायलिसिसवर, तुम्ही घरी विड्या वळून संसार ओढताय, आणि घरसभेत कुणीतरी म्हणालं, 'तुमचा विश्वास कमी पडतोय.' तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की नुसता राग येतो, असं लिहिलंत.

तो रागच देवापुढे मांडा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत तक्रारीची कितीतरी आहेत. आज 13 वं काढा, सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कुठवर?' हा सवाल चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटी भरवसा. मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक 'कुठवर'पाशी थांबून आपलं सांगा: दवाखान्याचं बिल, मुलांची फी. भरवशाची वचनं ओठांवर येत नसतील तर चौथ्यालाच थांबा. ओढूनताणून आभार मानले की मन आणखी मिटतं. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. वधस्तंभावर प्रभू येशूनं 22 व्या स्तोत्राच्याच शब्दांत आकांत केला. त्याचा विश्वास कमी होता का, ताई?

विड्या वळताना हात गुंतलेले, पुस्तक धरता येत नाही. तेव्हा एखादं वचन पाठ म्हणा, नाहीतर 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं ना. वा. टिळकांचं पद गुणगुणा.

'प्रार्थना पुरे, डायलिसिस सोडा' असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. हिज्कीया राजाची प्रार्थना देवानं ऐकली, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच (2 राजे 20). खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठ सेवकांना, बोलवावं, असं याकोब 5:14 सांगतं, म्हणून संकोच नको. पाळकांना नेमकं सांगा: प्रभुभोजनाचा विधी घरी येऊन करा, डायलिसिसच्या दिवशी मुलांपाशी कुणीतरी बसा. नुसतं 'प्रार्थना करा' म्हटलं तर लोक तेवढंच करतात. त्या बोलणाऱ्या व्यक्तीशी तुम्ही वाद घालू नका, ते पाळकांवर सोपवा.

आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला, आजच.