डाळिंबाच्या बागेत राहून हिमोग्लोबिन ८.६

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. हिमोग्लोबिन ९.१, वर्षभर रोज डाळिंब आणि बिटाचा रस, मटण-अंडी बंद, कारण घरचे म्हणतात फळांनीच रक्त वाढतं. आणि आकडा काही हलत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, पौष्टिक काय, मांस की फळं? माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. स्वतःच्या अंगावर निघालेलं सांगतेय, तेवढंच समजून वाचा.

आमचं घर सांगोल्याकडचं, दोन एकर डाळिंब, भगवा जातीचं. तेल्या रोगाचे डाग पडलेली फळं व्यापारी उचलत नाही, ती सगळी घरात येतात. २०१७ मध्ये माझं हिमोग्लोबिन ८.६ निघालं, तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रोज संध्याकाळी दोन डाळिंबं सोलून वाटीभर दाणे माझ्या हातात द्यायच्या. त्यांच्या नखांत तो काळपट लाल रंग दिवसभर राहायचा. त्या माउलीने जीव लावला, त्यात तिचा काय दोष?

दोष मी त्या मोठ्या दवाखान्यातल्या आहार सल्ल्याच्या टेबलाला देते. नाव घेत नाही. रांगेत दीड तास बसल्यावर एक झेरॉक्स हातात मिळाली. डाळिंब, सफरचंद, बीट, खजूर, गूळ यांवर पेनाने टिकमार्क, आणि खाली 'मांसाहार' या शब्दावर काट, शेजारी लिहिलेलं 'पचायला जड'. माझ्या पुढच्या बाईला आणि मागच्या आजींनाही तोच कागद. मी काय खाते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एका शब्दाने विचारलं नाही. पित्ताची गोळी मी तीन वर्षं रोज घेत होते. तिने लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्हींचं शोषण कमी होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!

त्या कागदावर विश्वास ठेवून मी आठवड्याचं मटण बंद केलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती.

आता तुलनेचं. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह साधारण ०.३ मिलिग्रॅम. सफरचंदात त्याहूनही कमी. बोकडाच्या १०० ग्रॅम मटणात तीनच्या आसपास, कोंबडीच्या कलेजीत नऊच्या आसपास. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय. वाटीभर दाण्यांनी त्यात काय भर पडणार? डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, हा समज रंगावरून आलाय. शिवाय मटणातलं लोह शरीर बऱ्यापैकी उचलतं, फळं-भाज्या-धान्यांतलं फार थोडं. आणि बी-१२? कुठल्याही फळात नाही. १९३४ चं वैद्यकाचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांचं काम रक्तक्षयावर कलेजी खायला घालण्याचं होतं. कलेजीत नेमकं काय होतं ते पुढे १९४८ मध्ये हाती लागलं, ते म्हणजे हेच बी-१२.

म्हणून फळं सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. मटणात चोथा नाही, क जीवनसत्त्व नसल्यातच जमा, आणि रोज तांबडं मांस खाणंही बरं नव्हे. इथेच पेरू कामाला येतो. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, आणि ते जेवणातलं लोह शोषायला मदत करतं. पण जेवणासोबत खाल्लं तरच. आम्ही फळ चार वाजता वेगळं खायचो, म्हणजे तो उपयोग वायाच. माझं मत विचाराल तर रक्तासाठी एकच फळ घ्यायचं असेल तर डाळिंब नको, पेरू घ्या. डाळिंब पिकवणारी असून लिहितेय. आवड म्हणून डाळिंब जरूर खा, आमच्याकडची गोडी आहेच तशी.

अजून एक. मी आजारी म्हणून घरात अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याशिवाय शिजवलेलं मटण, व्हायची, तर मला वाटीभर पाणी मिळायचं, 'तुला सूप हलकं', आणि फोडी बाकीच्यांच्या ताटात. चव सगळी त्या पाण्यात उतरते, पण लोह आणि प्रथिनं फोडीतच राहतात. फोड मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

पुढचं मन लावून वाचा. दवाखान्यातून मिळालेल्या गोळीत लोहासोबत फोलिक ॲसिड होतं. पहिल्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ९.४ झालं, सगळे निर्धास्त. पण फोलिक ॲसिडने रक्ताचा आकडा सुधारतो आणि बी-१२ ची कमतरता झाकली जाते, नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पायाला मुंग्या यायला लागल्या. काउंटरवर म्हटलं, बी-१२ ची तपासणी करायची आहे. उत्तर मिळालं, कागदावर लिहिलेलं नाही, गरज नाही. दुसऱ्यांदा गेले, तेच. असे चौदा महिने गेले. शेवटी पंढरपूरच्या एका डॉक्टरांनी आधी दहा मिनिटं नुसतं विचारलं आणि मग तपासणी लिहून दिली. बी-१२ आलं १२८. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, तेही तळाला. मग इंजेक्शनं, लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, पित्ताची गोळी त्यांच्याच सल्ल्याने बंद, आठवड्यातून एकदा मटण किंवा कलेजी. चार महिन्यांत ११.८. डाव्या पायाच्या दोन बोटांतला बधिरपणा मात्र अजून आहे. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

गोळीच्या आगेमागे चहा नको वगैरे तुम्हाला माहीत असेलच. गरोदर असाल तर कलेजी टाळा, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. घरात युरिक ॲसिडचा त्रास कुणाला असेल त्यांनीही विचारूनच खावी. आणि मांस खायचंच नसेल तर जबरदस्ती नाही. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळा, अळीव खा, दूध-दही ठेवा, पण बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्याच. फळांवर त्याची भिस्त ठेवू नका. पाळी जास्त जात असेल तर तेही आधी दाखवा, नाहीतर कितीही खाल्लं तरी भरून निघत नाही.

तुमच्या रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, लिहिलेला असेल. लोह कमी असलं की तो घसरतो, बी-१२ कमी असलं की चढतो, आणि दोन्ही कमी असलं की मधेच कुठेतरी राहून नॉर्मल दिसतो. माझा ८८ होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. तुमचा एमसीव्ही आणि त्याच्या खालचा आरडीडब्ल्यू, म्हणजे त्या पेशींच्या आकारातला फरक, किती आहे ते इथे लिहा. पित्ताची गोळी चालू आहे का आणि पायाला मुंग्या येतात का, तेही सांगा.