गेम उघडत नाही: डीएलएल फाइलचा घोळ

प्रश्न: गेम सुरू करताना 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल' (डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी सामायिक कोडची फाइल) सापडत नसल्याचा संदेश यायचा. ती फाइल एका साइटवरून उतरवून गेमच्या फोल्डरमध्ये टाकली. आता '०एक्ससी०००००७बी' एरर येते.

उत्तर: आधी ती फाइल काढून टाका. ६४-बिट गेमला ३२-बिट डीएलएल मिळाली (किंवा उलट झालं) की बहुधा हीच एरर येते. अशा सुट्या फाइली उतरवूच नका, त्यांतून व्हायरसही येतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलच्या (ही डीएलएल पुरवणारं पॅकेज) एक्स८६ (३२-बिट) आणि एक्स६४ (६४-बिट) या दोन्ही आवृत्त्या इन्स्टॉल करा. विंडोज ६४-बिट असली तरी ३२-बिट गेमला एक्स८६च लागते. मग पीसी रीस्टार्ट करा. तरीही अडलं, तर लाँचरमधून (स्टीमसारखं गेम सुरू करणारं अ‍ॅप) गेमच्या फाइली व्हेरिफाय करा, म्हणजे तपासून घ्या. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये हाताने काही टाकू नका. नाव फसवं आहे, ६४-बिट विंडोजमध्ये तिथे ६४-बिट फाइली असतात.