चाचणीत सात गुण, म्हणून सायन्स सोडायचं?

ताई, नमस्कार.

अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत मुलाला फिजिक्समध्ये 25 पैकी 7 गुण मिळाले, 'मेकॅनिकलचा नाद सोडून त्याला कॉमर्सला टाकू का?' असं तुम्ही विचारलंय. सोबत पेपरचे फोटो पाठवलेत, ते बरं केलंत.

पहिलं गणित बघा. 1200 किलोची गाडी, इंजिनाचं बल 3000 न्यूटन, विरोध 600 न्यूटन, त्वरण काढा. पठ्ठ्याने सरळ 3000 ला 1200 ने भागून 2.5 लिहिलं. सूत्र पाठ, भागाकार बिनचूक. पण विरोध वजा केल्यावर उरतं 2400 न्यूटन, म्हणजे उत्तर 2 मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्या गणितात गुळगुळीत टेबलावरचा 500 ग्रॅमचा ठोकळा 10 न्यूटनने ढकललाय. त्याने ग्रॅमचे किलो केलेच नाहीत, त्यामुळे 20 ऐवजी 0.02 आलं. एवढ्या त्वरणाने सेकंदाला एक मीटर वेग गाठायला त्या ठोकळ्याला 50 सेकंद लागतील! हे उत्तर लिहिताना हात अडखळायला हवा होता.

अख्ख्या पेपरात एकही आकृती नाही. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. मेकॅनिकलला गेला तरी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्रॅमशी, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीशी, गाठ पडणारच, आणि डिप्लोमाची वाट धरली तरी ती चुकत नाही. शिवाय इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो आणि 'गतीचे नियम' त्यात आहे.

तेव्हा महिनाभर नवा क्लास नको. रोज पाठ्यपुस्तकातली चारच गणितं. आधी चौकोन काढायचा, त्यावरच्या प्रत्येक बलाचा बाण, कुठलं कुठल्या दिशेला ते लिहायचं, एकके बदलून घ्यायची, मगच भागाकार. सुरुवातीला कंटाळेल. कंटाळू दे.

महिन्यानंतरही त्याला यात रस वाटला नाही, तर कॉमर्सचा विचार जरूर करा, पण त्याला समोर बसवून, विचारून. अकाउंट्स मनापासून आवडणाऱ्याने तिकडे जावं. फिजिक्सच्या धास्तीने गेलेला मुलगा तिथल्या ताळेबंदालाही तसाच घाबरतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

पुढच्या चाचणीचा पेपर मिळाला की फोटो पाठवा. गुण झाकलेत तरी चालेल, मला आकृत्या बघायच्यात.