चाच्यांचा खरा इतिहास वाचला तर गेम्स आणि वेशभूषेची मजा जाते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गेम्स आणि चित्रपटांमुळे समुद्री चाच्यांचं वेड लागलं, आता त्या काळाचे कपडे घालून प्रसंग उभे करणाऱ्या एखाद्या गटात शिरायचंय, पण खरा इतिहास वाचला तर मजा जाईल अशी धास्ती वाटते, आणि सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

वाचाच. आणि सुरुवात करा ती खटल्यांच्या कागदांपासून. कथा-कादंबऱ्यांपेक्षा जास्त थरार तिथे आहे, आणि वेशभूषेसाठी लागणारी माहितीही तिथेच मिळते.

एकच नमुना सांगतो. १७२० च्या नोव्हेंबरात जमैकात अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोन बायकांवर चाचेगिरीबद्दल खटला चालला. पुढच्या वर्षी त्याचं कामकाज छापून निघालं. साक्षीदारांमध्ये डोरोथी थॉमस नावाची एक बाई होती. खाण्यापिण्याचं सामान लादलेल्या होडीतून ती किनाऱ्याकिनाऱ्याने चालली होती, तेव्हा या दोघी ज्या टोळीत होत्या त्या रॅकम नावाच्या चाच्याच्या टोळीने तिला गाठून लुटलं. तिने कोर्टात सांगितलं की या दोघींनी पुरुषी जाकिटं आणि लांब तुमानी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते आणि प्रत्येकीच्या हातात एक कोयता व एक पिस्तूल होतं. त्या दोघी आपल्या माणसांना शिव्या घालत होत्या, हिला मारून टाका म्हणत होत्या, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहील. आणि ती खरोखरच उभी राहिली. जिचा जीव घ्यायला त्या निघाल्या होत्या, तिच्यामुळेच त्यांच्या अंगावर काय होतं ते आज आपल्याला माहीत आहे. हे वाचल्यापासून मेरी रीडचा वेश करणारं कुणी भेटलं की मी ही साक्ष आवर्जून वाचायला देतो. घट्ट कंबरपट्टे, उंच टाचांचे बूट, झालरी यातलं काहीही लागत नाही. जाकीट, सैल तुमान, रुमाल, बस्स.

पुरुषांच्या वेशाचंही तसंच. गुडघ्यापर्यंतचे रुंद तोंडाचे बूट आणि कमरेला गुंडाळलेला भडक शेला ही बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या चित्रकारांची, विशेषतः हॉवर्ड पाइल याची देणगी. चित्रपटांनी ती उचलली. खलाशी बहुतेक बकलाचे साधे बूट घालत किंवा अनवाणीच दोरांवर चढत. सॅम बेलामी या चाच्याचं ‘व्हिडा’ हे जहाज २६ एप्रिल १७१७ ला अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडजवळ वादळात फुटलं. १९८४ मध्ये त्याचे अवशेष सापडले, आणि पुढच्या वर्षी जहाजाचं नाव कोरलेली घंटाच हाती आल्यामुळे शंकेला जागा उरली नाही. त्या अवशेषांत एक लहान बूट, रेशमी मोजा आणि पायाचं हाड मिळालं. ते जॉन किंग या पोराचं असावं असं मानतात. बेलामीने तो प्रवास करत असलेलं जहाज पकडल्यावर, आईचा विरोध झुगारून तो चाच्यांबरोबर गेला होता. वय दहाच्या आसपास. हा बूट पाहिल्यावर चाच्यांच्या टोळीत कोण कोण असायचं याची कल्पनाच बदलून जाते.

चित्रपटांतलं ते ‘आर्र’ हेल काढून बोलणंही असंच नंतरचं. १९५० च्या ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपटात लाँग जॉन सिल्व्हर हा चाचा रंगवताना नट रॉबर्ट न्यूटनने स्वतःच्या भागातल्या, म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीचा वापर केला आणि पुढे सगळेच चाचे तसे बोलू लागले. मला त्याबद्दल तक्रार नाही. गटात मुलं येतात ती तो आवाज ऐकायलाच, आणि मी तो मोठ्या आनंदाने काढतो.

कारण चाच्यांवरची करमणूक ही काही अलीकडची भेसळ नाही. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेकडे परतणारं ‘गंज-इ-सवाई’ हे मुघल जहाज लुटलं. त्यात हजहून परतणारे यात्रेकरू होते, बायकांवर अनन्वित अत्याचार झाले. औरंगजेब इतका खवळला की सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले. एव्हरीच्या काही माणसांवर १६९६ मध्ये लंडनला खटला भरला, तर पहिल्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं! मग दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा खटला चालवून पाच जणांना फासावर दिलं. एव्हरी मात्र निसटला. आणि १७१२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याच्यावर बेतलेलं नाटक आलं, त्यात तो मादागास्करचा राजा होऊन वावरतो. म्हणजे पुढे सगळ्यात गाजलेल्या ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं नाव कुणी ऐकण्याआधीच प्रेक्षक चाच्यांची नाटकं बघत होते. खरं आणि रचलेलं पहिल्यापासून एकमेकांत मिसळलेलं आहे. गेम खेळताना अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही, फक्त कुठे काय मिसळलंय ते ओळखता आलं पाहिजे.

गेम्सबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. २०१३ चा ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ बहामा बेटांवरच्या नसाऊ इथल्या चाच्यांच्या वस्तीसाठी जरूर खेळा. नायक एडवर्ड केनवे काल्पनिक आहे, पण हॉर्निगोल्ड, व्हेन, थॅच (हाच ब्लॅकबिअर्ड) हे चाचे खरोखर होऊन गेलेले. १७१७ च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या राजाने चाच्यांना माफी देणारा जाहीरनामा काढला, १७१८ च्या जुलैत वुड्स रॉजर्स गव्हर्नर म्हणून नसाऊला उतरला, आणि माफी घेतलेला हॉर्निगोल्ड आपल्याच जुन्या सोबत्यांच्या मागे लागला. मैत्रीची ही फाटाफूट गेममध्ये आहे आणि इतिहासातही घडली. गेममधली खलाशांची गाणी तेवढी बहुतेक एकोणिसाव्या शतकातली आहेत. मात्र माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जुनं आहे, १९८७ चा ‘सिड मायर्स पायरेट्स’. त्यात मोहीम लांबली की माणसं कुरकुरायला लागतात आणि शेवटी लुटीची वाटणी करून टोळी मोडावी लागते. चाच्यांचा कप्तान मर्जीवर टिकून असायचा, हे एवढ्या साध्या युक्तीने सांगणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या टोळीचे नियम १७२४ च्या एका पुस्तकात छापले गेले, ते या जोडीला वाचा. प्रत्येकाला एक मत, पैसे लावून पत्ते-फासे बंद, रात्री आठला दिवे विझवायचे, लढाईत हातपाय गेला तर सामायिक पेटीतून ८०० नाणी, कप्तान आणि क्वार्टरमास्टरला (कप्तानाखालोखालच्या माणसाला) लुटीत दोन-दोन हिस्से. वाजंत्र्यांना रविवारी सुट्टी! आमच्या गटात हे नियम मोठ्याने वाचून बघणाऱ्यांकडून मत घेतो. तलवारबाजीपेक्षा हा प्रसंग जास्त रंगतो, लोक खरोखर वाद घालतात.

आता पुस्तकात मिळत नाही आणि हातालाच कळतं ते सांगतो. ठासणीचं चकमकीचं पिस्तूल भरायचं म्हणजे आधी नळीत दारू, मग गोळी आणि बोळा, गजाने ठासायचं, मग बाजूच्या पात्रात चिमूटभर रंजक (बार पेटवायची दारू) घालून झाकण लावायचं, घोडा ओढायचा. चाप दाबला की चकमकीची ठिणगी पडते, रंजक भस्सकन पेटतं, आणि बरेचदा तेवढ्यावरच थांबतं. बार होतच नाही. हवेत दमटपणा असेल तर विचारूच नका. ब्लॅकबिअर्ड छातीवर सहा पिस्तुलं लटकवून लढायला उतरायचा असं त्याच १७२४ च्या पुस्तकात लिहिलंय. वाचताना हा नुसता भपका वाटतो. पण लाटांचे तुषार उडत असताना दुसऱ्याच्या जहाजावर उडी मारायची, पुन्हा ठासायला सवड नाही, आणि हातातलं पिस्तूल उडेलच याची खात्री नाही, अशा वेळी सहा हा हिशेब अगदी बरोबर ठरतो.

त्याच ब्लॅकबिअर्डच्या जहाजाबद्दल एक गोष्ट लपवू नये असं मला कळकळीने वाटतं. ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ हे आधी ‘ला कॉन्कॉर्ड’ नावाचं फ्रेंच गुलामवाहू जहाज होतं. १७१७ च्या नोव्हेंबरात त्याने ते पकडलं तेव्हा आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं त्यात कोंबलेली होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी पुढे गुलामगिरीच आली. ‘व्हिडा’ही गुलामांच्याच व्यापारातलं. काही आफ्रिकन माणसं चाच्यांच्या टोळ्यांत बरोबरीने राहिली हेही खरं आहे. पण चाचे म्हणजे स्वातंत्र्याचे दूत हे चित्र अर्धवट आहे, आणि प्रेक्षकांसमोर उभं राहताना मी हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

या जहाजाचे अवशेष १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ सापडले. तिथल्या एका तोफेच्या दारूच्या कप्प्यात कागदाचे नखाएवढे कपटे निघाले. तज्ज्ञांनी अक्षरं जुळवली तेव्हा ते एडवर्ड कुकच्या १७१२ मधल्या प्रवासवर्णनाचे निघाले. कुक त्या सफरीत वुड्स रॉजर्सबरोबर होता, म्हणजे पुढे चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेल्या त्याच गव्हर्नरबरोबर. असं काही वाचलं की गेम बंद करावासा वाटत नाही, उलट पुन्हा लावावासा वाटतो.

गटात जायचं तर पहिल्या खेपेला साध्या खलाशाचा वेश करा: तागाचा किंवा सुती चौकड्याचा सैल सदरा, तुमान, विणलेली टोपी. कप्तान होण्याची घाई नको, टोळीत कप्तान एकच असतो आणि साध्या खलाशाला बघणारे जास्त प्रश्न विचारतात. पिस्तूल मात्र लगेच हातात घेऊ नका. आधी कायदा काय म्हणतो ते गटातल्या जुन्या माणसाला विचारा आणि हंगामभर नुसतं बघा. गोळी न घालता उडवलेला बारही जवळच्याला भाजतो. आणि रंजक पेटून बार झाला नाही, तर नळी कुणाकडेही न वळवता तशीच धरून थांबायचं, डोकावून बघायचं नाही. चांगला गट हे सगळं तुम्हाला आधी शिकवतो. जो पहिल्याच दिवशी भरलेलं पिस्तूल हातात देतो, त्या गटात जाऊ नका.