भावाशी वाद चालू असताना 'देवावर सोपवून दे' म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या घरावरून सख्ख्या भावाशी दोन वर्षं वाद चालू आहे. चर्चच्या मंडळीतले सगळे 'प्रभूवर सोपवून दे' म्हणतात. तुम्ही रोज प्रार्थना करता, पण आत काहीच जाणवत नाही. मग आपला विश्वासच कमी पडतोय का, हा तुमचा प्रश्न.

आधी एवढंच सांगते: ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या दारात माणूस दोन वर्षं रोज जात नाही.

मी यातून गेले आहे. आईच्या आजारपणातल्या खर्चावरून माझं थोरल्या बहिणीशी बिनसलं आणि आई गेल्यावरही आम्ही चार वर्षं बोललो नाही. त्या काळात माझी प्रार्थना एकच असायची, 'प्रभू, तिला सुबुद्धी दे.' मला वाटायचं मी सोपवतेय. खरं तर मी देवाकडे फिर्याद घेऊन जात होते आणि निकालही घरूनच लिहून नेत होते.

त्या दिवसांत बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय मी कितीदा वाचला असेन. याकोब २० वर्षांनी परत निघालाय, आणि ज्या भावाला फसवून तो पळाला होता तो एसाव ४०० माणसं घेऊन समोरून येतोय अशी खबर येते. याकोब पार घाबरतो. प्रार्थना करतो, आणि लगेच भावासाठी भेटही काढतो: २०० शेळ्या, २०० मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवं. कळपामागून कळप पुढे धाडतो. बायकामुलांनाही यब्बोक नदीच्या उतारावरून पार करतो. आणि स्वतः मागे एकटा राहतो. त्या रात्री पहाट होईपर्यंत कुणीतरी त्याच्याशी झोंबत राहतं. याकोबाच्या जांघेचा सांधा निखळतो, तरी हा सोडत नाही. आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणतो.

तेव्हा त्याला विचारलं जातं, 'तुझं नाव काय?'

हा प्रश्न मला फार उशिरा कळला. याआधी आशीर्वादासाठीच आंधळ्या बापासमोर उभं असताना त्यानं आपलं नाव एसाव सांगितलं होतं. सगळं भांडण तिथून सुरू झालेलं. आता मात्र तो म्हणतो, 'याकोब.' आशीर्वाद मिळतो तो त्यानंतर, आणि नवं नावही.

एका रात्री प्रार्थनेत मलाही माझं नाव सांगावं लागलं. खर्चाचा हिशोब मी वाढवून सांगितला होता. फार नाही, पण बहिणीला लाज वाटावी इतका. चार वर्षं मी तिच्या चुका देवापुढे वाचत होते आणि हे पान बाजूला ठेवत होते. तुमच्या बाबतीत असं काही असेलच असं मी म्हणत नाही. काही भांडणांत एकाच बाजूनं खरोखर अन्याय केलेला असतो, आणि तुम्ही त्या दुसऱ्या बाजूला असाल.

आता ३३ व्या अध्यायातलं ३ रं वचन बघा. याकोब सगळ्यांच्या पुढे चालत जातो. आदल्या दिवशी जनावरं पुढे होती, चाकर पुढे होते आणि तो मागे. आज पाय लंगडतोय, तरी पुढे तोच. समोरची ४०० माणसं कमी झालेली नाहीत, एसाव मारेल की मिठी मारेल हेही त्याला ठाऊक नाही. भरवसा हा शब्द वाचला की मला तो लंगडत पुढे जाणारा माणूस आठवतो.

एसाव धावत येऊन गळ्यात पडला. माझी बहीण नाही पडली. मी जाऊन वाढवलेल्या हिशोबाचं सांगितलं, तिनं ऐकून घेतलं, चहा दिला. आज आम्ही बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. मी अजून प्रार्थना करते, आता दोघींसाठी.

आणि सोपवणं म्हणजे गप्प बसणं, असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. जिवावर उठलेला राजा शौल हातात सापडला असताना दावीदानं त्याला मारलं नाही, पण शौल रडून घरी गेल्यावर दावीद त्याच्यामागे राजवाड्यात गेला नाही, आपल्या गडावरच परतला. क्षमा केली, अंतरही ठेवलं. प्रेषित पौलानं तर सरळ कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. तेव्हा घराची कागदपत्रं जपून ठेवा, वकिलाचा सल्ला घ्या, त्यानं विश्वासाला बाधा येत नाही. सूड मात्र आपल्या हातात ठेवायचा नाही. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' सर्वांशी शांतीनं राहा म्हणतो. त्या दोन अटी त्यानं मुद्दाम घातल्यात असं मला वाटतं. तुमच्या भावाच्या वाट्याची शांती तुमच्याकडे मागितलेली नाही.

राहिलं आतलं कोरडेपण. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं 'हा दुःखाचा प्याला टळो' अशी तेच शब्द पुन्हा उच्चारत तीनदा प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्या आत्ताच्या प्रार्थनेला तिथे जागा आहे.

आज रात्री नवे शब्द शोधू नका. १३ वं स्तोत्र उघडा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा 'कुठवर' विचारतो. मोठ्यानं वाचा, आणि जिथे वैरी येतो तिथे भावाचं नाव घ्या, देवाला ते ऐकून धक्का बसणार नाही. पाचव्या वचनात 'मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे' असं येतं. तिथे आवाज अडला तर चौथ्यावरच थांबा. उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा.